हंजगे सर आणि वरून आलेला पाहुणा

हंजगे सरांच्या मराठीत मी दोन वर्षं लाल शाईनं दुरुस्त्या केल्या. त्यांतल्या काही आज परत घ्याव्याशा वाटतात.

बहात्तर सालच्या जूनमध्ये मी करमाळ्याहून सोलापूरला आले. गिरणीच्या बाजूच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. वय तेवीस. स्टाफरूममध्ये बायका दोनच, मी आणि शिवणाच्या बाई, आणि त्या दुपारनंतर यायच्या. पहिल्याच दिवशी खेळाचे माने सर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि गाव कुठलं, वडील काय करतात, भाऊ किती, लग्न का झालं नाही, असं एकामागून एक सुरू झाले. तेवढ्यात मधे एक पितळी पेला आला.

"माने, आधी पाणी, मग प्रश्न," पेला धरणारे गृहस्थ म्हणाले. "घ्या कदमबाई. घरचं हाय, गाळलेलं."

हे चन्नवीर हंजगे. शास्त्र शिकवायचे. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, नळाला चार दिवसांआड पाणी येई आणि घरून आणलेलं पाणी कुणी कुणाला सहज देत नसे. पण नव्या माणसाला प्रश्न विचारायच्या आधी पाणी द्यायचं, हा सरांचा नियम होता. वर्गात उशिरा आलेल्या पोरालासुद्धा आधी माठाकडे पाठवत आणि मग उशीर का झाला ते विचारत.

मूळचे ते अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंगचे. घरात कानडी, बाहेर मराठी. अंगानं किडकिडीत, कपाळावर विभूतीचं पुसट बोट, पांढरा शर्ट. पस्तिशी आली तरी लग्न नव्हतं. कारण विचारलं की "राहून गेलं की" एवढंच म्हणत, जणू बाजारातून काही आणायचं राहून गेलं. त्यांना एक खोड होती. रोजची साधी गोष्ट पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहायची. "बेल वाजली की आपण सगळे उठतो, ते कशामुळं ओ?" असं भर स्टाफरूममध्ये विचारत. कुणी म्हणे, तास बदलतो म्हणून. "व्हय, पण बेल बिघडली तर तास बदलत न्हाई का?" लोक हसत. सर हसत नसत. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सरांच्या वर्गात विचारलं, "सगळ्या प्राण्यांत माणूस श्रेष्ठ का?" मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "कारण हा प्रश्न माणसानंच विचारलाय, साहेब." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं कोण जाणे, मुख्याध्यापकांनी मात्र सरांना बोलावून अर्धा तास सुनावलं. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "बरोबरच सांगितलं की पोरीनं."

दिवाळीनंतर त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींची एक चळत माझ्यापुढे ठेवली. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

"कादंबरी हाय. तुमी मराठीच्या. माझं मराठी शाळेतलं, ते बघून द्या. व्याकरण तेवढं. बाकी हसू आलं तर हसा."

कादंबरीचं नाव 'वरून आलेला'. परग्रहावरचा एक जीव सोलापूरच्या कोरड्या पडलेल्या तळ्यात उतरतो. माणसासारखाच दिसतो. काठावर जमलेले लोक विचारतात, "कुठून आलात?" तो आकाशाकडे बोट दाखवून म्हणतो, "वरून." लोकांना वाटतं, वरून म्हणजे मुंबईच्या सचिवालयातून. तलाठी धावत येतो, हार येतात, दुष्काळी कामावरच्या बायकांना स्वागतासाठी रांगेत उभं केलं जातं. चार दिवस त्याची नुसती चंगळ. पाचव्या दिवशी कळतं, हा सचिवालयाच्याही वरून आलेला आहे, म्हणजे याची बदली करायची ताकद कुणात नाही आणि याच्याकडून आपली बदली होण्याचीही आशा नाही. हार घालणारे पांगतात. मग खोली शोधणं आलं. मालक विचारतो, "जात कोणती?" पाहुणा म्हणतो, "माहीत नाही." "म्हणजे लपवण्यासारखीच असणार," असं म्हणून मालक दार लावून घेतो. रेशनकार्डाच्या कचेरीत कारकून विचारतो, "कुटुंबात माणसं किती?" पाहुणा प्रामाणिकपणे सांगतो, "माणूस एकही नाही." कारकून त्या रकान्यात शून्य लिहितो आणि शून्य माणसांचं धान्य मंजूर करतो.

मी हसून हसून बेजार झाले. व्याकरणाच्या चुका बऱ्याच होत्या. जोंधळा, खुर्ची, रस्ता, कुठलंही लिंग कुठंही. आणि एक गमतीची चूक सारखी सापडायची. पाहुण्यालाच सर मधे मधे स्त्रीलिंगी करून टाकत. 'पाहुणा उठला आणि दाराशी गेली.' 'त्यानं भाकरी हातात घेतली, वास घेतला आणि ती रडू लागली.' भाकरी कशी रडेल, असं मी समासात लिहिलं. कानडी घरातला माणूस, चालायचंच, असं म्हणत दर पानावर 'गेली'चं 'गेला' केलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर सर स्टाफरूममध्ये एकेक प्रकरण वाचून दाखवू लागले. दुष्काळाच्या त्या वर्षात हसायला दुसरं होतं काय? रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेला जोंधळा. पाहुणा त्या लाल भाकरीचा वास घेतो आणि पुरवठा अधिकाऱ्याला विचारतो, "हे कुणाचं जेवण?" अधिकारी म्हणतो, "जनतेचं." "आणि आपण कोण?" या प्रकरणाला तर मुख्याध्यापकसुद्धा दारात उभे राहून हसले होते. पण सगळ्यांना सर्वांत आवडायच्या त्या पाहुण्याच्या लकबी. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता तो हातांकडे बघतो. आपण बोललेल्यातला शेवटचा शब्द परत म्हणतो. खाण्याआधी प्रत्येक पदार्थ हुंगतो. गिरणीचा भोंगा झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून जे सापडेल त्याच्या खाली जाऊन बसतो. माने सरांना नकला छान जमायच्या. भोंगा व्हायचा अवकाश, ते कान दाबून टेबलाखाली शिरायचे. सगळी खोली लोटपोट व्हायची, मीही.

एकदा माने सर पाहुण्याची चाल करून दाखवत होते, पाय फरफटत, मान वाकडी करून. हंजगे सर कागद गोळा करत हळूच म्हणाले, "असा चालत न्हाई तो."

"मग कसा चालतो बे? तू बघितलास काय?" माने सर म्हणाले.

सरांनी कागद पिशवीत घातले आणि निघून गेले.

फेब्रुवारीत ते तापानं आठवडाभर आले नाहीत. चाचणीच्या गुणांचे तक्ते त्यांच्याकडून घ्यायचे होते, म्हणून एका दुपारी मी पत्ता शोधत त्यांच्या खोलीवर गेले. साखर पेठेच्या मागे, हातमागांच्या खटखटाटात, एका चाळीच्या टोकाची खोली. दार उघडं होतं. आत तिशीची एक बाई जमिनीवर बसून शेंगांची टरफलं ओळीनं लावत होती. इरकली लुगडं, दोन वेण्या, लहान मुलीच्या घालतात तशा. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहत राहिली.

"हंजगे सर आहेत का?" मी विचारलं.

"आहेत का," ती म्हणाली.

आतून सर घोंगडी लपेटून आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं, की मला कळलं. पण त्यांनी काही सांगायच्या आधी तिला म्हटलं, "गौरव्वा, नीरु कोडु." ती उठली. मला पाणी दिलं. पेला माझ्या हातात नीट बसला की नाही हे माझ्या बोटांकडे बघून खात्री करूनच तिनं आपला हात काढला. सरांनी म्हटलं होतं ते खरं होतं. पाय फरफटत नव्हते, मान वाकडी नव्हती. पाण्याचं भरलेलं भांडं नेल्यासारखी ती चालायची, हळू आणि सरळ.

"धाकटी बहीण," सर म्हणाले. "लहानपणापासनं अशीच हाय. डॉक्टर झाले, देव झाले. आई होती तोवर वळसंगला होती. आई गेली, मग हितं आणली. दहा वर्षांत ही सातवी खोली. कुणी म्हणतं येडी हाय, कुणी म्हणतं बाहेरचं हाय. पोरं दारात येऊन भोंग्याचा आवाज काढत्यात."

मी म्हटलं, "सर, तुम्ही आम्हाला सांगायचं होतं."

"काय सांगू? बहिणीवर हसू नका असं? म्हणून तर पाहुणा केला की तिचा. लांबनं आलेला पाहुणा म्हटलं की माणूस जरा सांभाळून घेतं. त्याला आपलं काय ठाव न्हाई म्हणतं, शिकंल म्हणतं. मला वाटलं, आधी त्याच्यावर माया बसू दे लोकांची. मग तिला बाहेर काढीन." मग म्हणाले, "शाळेत कुणाला बोलू नका."

मी बोलले नाही. घरी आल्यावर ती चळत पुन्हा काढली. लाल शाईखाली झाकलेल्या प्रत्येक 'गेली'वर बोट ठेवत गेले.

कादंबरी पूर्ण झाली ती पुढच्या पावसाळ्यात. शेवटच्या प्रकरणात फारसं काही घडत नव्हतं. सगळ्यांनी हाकललेला पाहुणा एका परक्या ओट्यावर बसतो. घरातली बाई बाहेर येते, काही न विचारता त्याला पाणी देते आणि त्याच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागते. थोड्या वेळानं तोही खडे वेचू लागतो. संपलं. मी स्वच्छ प्रत करून दिली आणि सरांनी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडली. दोन महिन्यांनी पत्र आलं. विनोद उत्तम आहे, छापू. मात्र शेवट सपक. आपला पाहुणा एकही चमत्कार करत नाही आणि परतही जात नाही. अखेरीस तो आकाशात निघून गेला तर वाचकाला हुरहूर लागेल. तेवढं करून पाठवा.

मी म्हटलं, "सर, करून टाका. पुस्तक तर निघेल."

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. इतक्या कडक आवाजात मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "परत जायला त्याला जागा कुठं हाय? त्यानं जावं असं वाटणारे गावात काय कमी हायत, की मी बी त्यात जाऊन बसू?"

हस्तलिखित परत आलं आणि माझ्याकडे तसंच पडून राहिलं.

त्या जानेवारीच्या स्नेहसंमेलनात माने सरांनी पाहुण्याची एकांकिका बसवायची ठरवली. परवानगी मागितली तेव्हा हंजगे सरांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "हो म्हणून टाकलं. आणि म्हणतो, गौरव्वाला आणतो. दुपारचा कार्यक्रम हाय, अंधार न्हाई. चारशे माणसं त्याला बघतील, हसतील, टाळ्या वाजवतील. त्यातनंच लोकांना सवय होईल. शेवटी मी तिला स्टेजजवळ नेतो म्हणतो. तुमी बसाल का तिच्याशेजारी?"

माने सर ती भूमिका पोरांकडून कशी करून घेत होते, ते मी तालमीत पाहिलं होतं. फरफटते पाय, वाकडी मान, सगळं तसंच होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सरांचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "आणा की."

मंडपात बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो. गौरव्वा नवं लुगडं नेसून आली होती. सर पुरुषांच्या बाजूला, मधून मधून वळून आमच्याकडे बघत होते. पहिले दोन प्रवेश बरे गेले. 'वरून' या शब्दावर मंडप हसला, गौरव्वाही लोकांचं हसणं ऐकून "वरून, वरून" म्हणाली. मग स्टेजमागून पोरांनी पत्र्याच्या नळीतून भोंगा वाजवला. पाहुणा झालेल्या मुलानं किंचाळून कान दाबले आणि टेबलाखाली उडी मारली. चारशे माणसं एकदम हसली. आणि माझ्या शेजारी गौरव्वानं कानांवर हात ठेवले, ती खुर्चीवरून घसरली आणि खुर्चीखाली अंग दुमडून बसली. थरथरत होती. आजूबाजूच्या बायका आधी हसल्या. त्यांना वाटलं, हाही नाटकातलाच भाग. मग एकेकीनं वाकून पाहिलं. आमच्या रांगेतलं हसणं थांबलं, मग मागच्या रांगेतलं, मग पुरुषांकडचं. स्टेजवरचा मुलगा टेबलाखालून डोकं काढून बघू लागला. सर खुर्च्यांमधून वाट काढत आले, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या कानांवरच्या हातांवर आपले हात ठेवून कानडीत म्हणत राहिले, "एनू इल्ल, एनू इल्ल." काही नाही, काही नाही. सगळा मंडप ते ऐकत होता.

माने सर विंगेत उभे होते. त्यांच्या हातात शिट्टी तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ते सरांच्या खोलीवर गेले. हे मला सरांनीच नंतर सांगितलं. पेरू घेऊन गेले होते. दारात उभे राहिले, आत येईनात. गौरव्वानं एक पेरू घेतला, हुंगला आणि खाल्ला. मग दुसरा उचलून माने सरांच्या हातात ठेवला. एवढा धिप्पाड गडी, उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्यानंतर दर रविवारी ते जात. मुलं भोंग्याचा आवाज काढायला आली की मानेंना बघून पळत. तीन-चार महिने गौरव्वाचे बरे गेले, असं सर म्हणायचे. ती त्यांच्याबरोबर मंडईपर्यंत यायला लागली होती. सरांना तेवढंच फार झालं होतं.

मे महिन्यात तिला कावीळ झाली. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकांच्या खोलीत पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच सोडत. तिला तर परक्याचा हात चालत नसे, सुई म्हटली की पलंगाखाली जायची. मी सुट्टीला करमाळ्याला जायचं रद्द केलं आणि दिवसा तिच्यापाशी बसू लागले. सर खिडकीच्या बाहेर, भिंतीलगतच्या झाडाखाली. खिडकीतून ते दिसतील अशा बेतानं मी तिचा पलंग सरकवून घेतला होता. ती मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, खिडकीच्या गजांना धरलेल्या त्यांच्या हातांकडे बघत पडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग फार तापलं. मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हटलं, "बरं होईल."

"होईल," ती म्हणाली.

दुपारी साडेबाराला ती गेली. मला बाहेर जाऊन सांगायची वेळ आली नाही. मी खिडकीशी आले तेव्हा सरांनी गजांवरून हात काढून घेतले होते.

वळसंगला, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे, बसवून तिला मातीत ठेवलं. माने सरांनी खड्डा खणायला हात लावला म्हणतात. शाळा उघडली तेव्हा सर पहिल्या दिवसापासून हजर होते. एका शुक्रवारी त्यांनी माझ्याकडून हस्तलिखित मागून नेलं आणि सोमवारी परत आणून दिलं. ओट्याच्या प्रसंगापुढे अकरा पानं जोडलेली होती. पाहुणा उठतो, ज्या कोरड्या तळ्यात उतरला होता तिथं चालत जातो, आणि वर निघून जातो. कुणाला कळतही नाही. त्या अकरा पानांत पाहुण्यासाठी तीन ठिकाणी 'गेली' लिहिलं होतं.

"तेवढं व्याकरण बघा," सर म्हणाले.

मी लाल शाईची दौत उघडली नाही. पानं तशीच बांधून पुण्याला पाठवली. छापखान्यात कुणीतरी दुरुस्ती केली असणार, कारण पुस्तकात सगळीकडे 'गेला' आहे.

पुस्तक निघालं आणि बऱ्यापैकी गाजलं. गावातल्या वाचनालयानं सरांचा सत्कार केला. एका वक्त्यानं सांगितलं, साऱ्या विनोदाचा कळस शेवटी आहे. पाहुणा इतक्या हलक्या पावलानं जातो की वाचक हसत हसत पुस्तक मिटतो. कुणीतरी विचारलं, "हंजगे सर, हा पाहुणा तुम्हाला सुचला कसा?" सर उठून उभे राहिले. म्हणाले, "दुष्काळात सारखं वर बघायची सवय लागली होती की," आणि बसले. टाळ्या पडल्या. मी आणि माने सर शेजारी शेजारी बसलो होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढं सरांनी एक ओळसुद्धा लिहिली नाही. ते 'का ओ' विचारणंही बंद झालं. बेल वाजली की उठायचे आणि वर्गावर जायचे.

माझं लग्न झालं, मी बार्शीच्या शाळेत गेले. तीनेक वर्षांनी सोलापूरच्या एसटी स्टँडवर, दुपारच्या गर्दीत, ते अचानक समोर आले. केस पार पांढरे. वळसंगलाच बदली मागून घेतली होती, शाळा शेताच्या कडेला आहे म्हणाले. माझ्या कडेवरच्या मुलीला त्यांनी नाव विचारलं नाही. तिच्या मुठीत आपलं बोट देऊन नुसते उभे राहिले. मग पिशवीतून पुस्तक काढलं.

"तुमची प्रत द्यायची राहिली होती. पिशवीत घेऊनच फिरतोय."

मी उघडून पाहिलं. पुस्तक ओट्यावर संपत होतं. पुढची पानं ब्लेडनं अगदी शिवणीलगत कापलेली होती.

"सर, ही पानं?"

"मला मिळालेल्या सगळ्या प्रतींतली काढली. बाकी ठिकाणी गेला तर गेला, आता काय करणार," ते म्हणाले. "तुमच्या घरी राहू दे त्याला."

अक्कलकोटची गाडी लागली. माणसं दारावर तुटून पडली. सर मागे थांबून राहिले, टोपलीवाल्या दोघी चढल्यावर आपण चढले. आतून कंडक्टर ओरडत होता, "पुढं सरका, पुढं सरका की मालक!" ते पुढे सरकले. गाडी हलली तेव्हा मुलीनं हात केला. त्यांना तो दिसला की नाही, मला सांगता येत नाही. दोन माणसांच्या मधून त्यांची पाठ थोडी दिसत होती, मग फाटकाशी गाडी वळली आणि तीही दिसेनाशी झाली.